हाडांचा कर्करोग आणि फ्लोराइड : एका आकड्याची उलटतपासणी

पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे वाढत्या वयाच्या मुलांना हाडांचा कर्करोग होतो, असे विधान अधूनमधून छापून येते. त्याच्या आधारासाठी बहुतेक वेळा एकच आकडा दिला जातो : साडेपाच पट. हा आकडा कोणाच्या कल्पनेतून निघालेला नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २००६ साली एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून तो आला आहे. त्यामुळे नुसती मान झटकून तो बाजूला सारता येत नाही, आणि तसाच उचलून वर्गात सांगताही येत नाही. हा आकडा कसा निघाला, तो किती भार पेलू शकतो आणि आपल्याकडे, उदाहरणार्थ वाशिम जिल्ह्यात, त्याचा अर्थ काय लावायचा, हे आपण या लेखात तपासणार आहोत.

प्रश्न आपल्या दृष्टीने निव्वळ पुस्तकी नाही. वाशिमच्या पूर्वेला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पांढरकवड्याच्या परिसरात, भूजलातील फ्लोराइड मर्यादेच्या कित्येक पट असल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदवले आहे. चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतही हा प्रश्न जुना आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. अमेरिकेत दात किडू नयेत म्हणून सार्वजनिक पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळतात. त्याचे प्रमाण हवामानानुसार लिटरमागे ०.७ ते १.२ मिलिग्रॅम ठरवलेले होते. हार्वर्डच्या अभ्यासात ‘सर्वांत जास्त’ म्हणून जो गट धरला आहे, तो हे ठरवलेले प्रमाण किंवा त्याहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी पिणाऱ्यांचा. म्हणजे तिथे ज्याला ‘जास्त’ म्हटले, ते आपल्या मानकाच्या मर्यादेतच बसते! शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यात माणूस पाणीही अधिक पितो. तो आकडा खरा असेल तर आपल्याला आपले मानकच पुन्हा तपासावे लागेल, आणि तो कच्चा असेल तर लोकांना उगाच घाबरवल्याचा दोष येईल.

संशय मुळात आला कुठून?

शरीरात साठलेल्या फ्लोराइडपैकी जवळजवळ सगळे, म्हणजे सुमारे ९९ टक्के, हाडांत आणि दातांत असते. हाडातील खनिजाच्या स्फटिकात हायड्रॉक्सिल गटाची जागा फ्लोराइड घेते. वाढत्या मुलांची हाडे ते अधिक वेगाने शोषून घेतात. याशिवाय फ्लोराइड हाड तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. या गुणामुळेच वृद्ध स्त्रियांची ठिसूळ हाडे बळकट करण्यासाठी ते औषध म्हणून वापरून पाहिले गेले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९० साली अशा चार वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मणक्यातील हाडाची घनता वाढली, पण मणक्याचे अस्थिभंग लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत, इतर हाडांचे मात्र वाढले. हाड दाट झाले म्हणून ते मजबूत झाले असे नसते, हा त्यातला धडा.

ऑस्टिओसार्कोमा हा कर्करोग हाड तयार करणाऱ्या पेशींचाच. तो प्रामुख्याने वाढीच्या वयात, आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास, जिथे हाडाची लांबी सर्वांत वेगाने वाढते तिथे होतो. पेशी वेगाने विभागत असताना त्यांना आणखी चेतवणारा पदार्थ हाडातच साठत असेल, तर विभागणीत चूक होण्याचा संभव वाढेल का? शंका रास्त होती. पण रास्त शंका म्हणजे पुरावा नव्हे.

पहिला प्रायोगिक पुरावा १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने दिला. उंदीर आणि घुशींच्या जातीचे मोठे उंदीर यांना दोन वर्षे सोडियम फ्लोराइडयुक्त पाणी पाजण्यात आले. मोठ्या नर उंदरांत हाडाचा ऑस्टिओसार्कोमा झालेल्यांची संख्या अशी होती : साधे पाणी पिणाऱ्या ८० पैकी शून्य, कमी मात्रेच्या ५१ पैकी शून्य, मध्यम मात्रेच्या ५० पैकी एक आणि सर्वाधिक मात्रेच्या ८० पैकी तीन. माद्यांत आणि लहान उंदरांत असा परिणाम आढळला नाही. सर्वाधिक मात्रेच्या पाण्यात लिटरमागे ७९ मिलिग्रॅम फ्लोराइड होते, म्हणजे आपल्या मर्यादेच्या पन्नास पटींहून अधिक. अर्थात, उंदराच्या आणि माणसाच्या हाडांत फ्लोराइड सारख्या प्रमाणात साठत नसल्याने ही तुलना सरळ करता येत नाही. या निष्कर्षाला संशोधकांनी स्वतःच ‘संदिग्ध पुरावा’ म्हटले. चार उंदरांवर सिद्धान्त उभा राहत नाही, पण प्रश्न बंदही होत नाही, हे त्या शब्दात नेमके आले आहे.

हार्वर्डचा अभ्यास

इतका दुर्मिळ रोग माणसांत अभ्यासायचा कसा? ऑस्टिओसार्कोमा दहा लाख लोकसंख्येत वर्षाला साधारण तीन ते पाच जणांना होतो. हजार मुले निवडून वीस वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले, तरी बहुधा एकही रुग्ण सापडणार नाही. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करावी लागते. ज्यांना रोग झाला आहे ते रुग्ण घ्यायचे, त्यांच्याशी वय वगैरे बाबतींत जुळणारे पण तो रोग नसलेले लोक घ्यायचे, आणि दोन्ही गटांच्या भूतकाळाची तुलना करायची. याला रुग्ण-तुलना अभ्यास म्हणतात.

एलिस बॅसिन यांनी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी हेच केले. अमेरिकेतील ११ रुग्णालयांतले, वयाची विशी न ओलांडलेले १०३ रुग्ण आणि त्याच रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागांतले २१५ तुलनेचे लोक त्यांनी अभ्यासले. प्रत्येक जण कोणत्या वयात कोणत्या गावी राहत होता आणि त्या गावच्या पाण्यात किती फ्लोराइड होते, याचा वर्षवार हिशेब मांडला. मुलांच्या बाबतीत सहा ते आठ वर्षांच्या वयाभोवती संबंध ठळक दिसला. सातव्या वर्षी ‘जास्त’ फ्लोराइडचे पाणी पिणाऱ्या मुलांत ऑस्टिओसार्कोमाच्या शक्यतेचे गुणोत्तर ५.४६ आले. मुलींत असा संबंध दिसला नाही.

या अभ्यासाची जमेची बाजू आधी सांगू. पूर्वीचे अनेक अभ्यास ‘या शहराच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्या शहराच्या नाही’ अशा ढोबळ तुलनेवर थांबले होते. बॅसिन यांनी व्यक्तीगणिक आणि वयागणिक हिशेब केला. विषारी पदार्थाचा परिणाम विशिष्ट वयातच होऊ शकतो, आणि सगळ्या वयांची सरासरी काढली तर तो बुजून जातो, हा त्यांचा विचार जीवशास्त्राला धरून आहे. आपल्या निष्कर्षाला पुढील संशोधनाने दुजोरा द्यावा किंवा तो खोडून काढावा, असेही लेखकांनी स्वच्छ लिहिले. ही वाक्ये पुढे उद्धृत करणाऱ्यांनी गाळली, तो दोष लेखकांचा नाही.

आकडा कुठे डळमळतो?

पहिली गोष्ट, ५.४६ हा आकडा एकटा नाही. त्याच्या सोबत मूळ लेखात ‘१.५० ते १९.९०’ अशी मर्यादा दिली आहे. तिचा स्थूल अर्थ असा, की याच माहितीशी दीडपट वाढही जुळते आणि वीसपट वाढही जुळते. मोजपट्टीने बाकाची लांबी मोजून ‘दीड ते वीस फूट’ असे उत्तर कोणी दिले, तर बाक आहे एवढे आपण मान्य करू, पण त्याची लांबी कळली असे म्हणणार नाही. रुग्ण थोडे असले की असे होते. त्यात मुलगे वेगळे, मुली वेगळ्या आणि फ्लोराइडचे तीन गट असे भाग पाडले, की एकेका कप्प्यात मोजकी माणसे उरतात.

दुसरी गोष्ट, जन्मापासून एकेक वर्षाचे वेगळे गणित, तेही मुलगे आणि मुली यांचे निरनिराळे, केले की अनेक उत्तरे मिळतात. अनेक वेळा फासे टाकले तर कधीतरी सलग सहा पडणारच. सातवे वर्ष शिखरावर आले ते खऱ्या कारणामुळे की योगायोगाने, हे त्याच माहितीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी नवी माहिती घेऊन तेच वय पुन्हा तपासावे लागते. एवढे मात्र मान्य करायला हवे, की सातव्या वर्षाच्या आसपासची वर्षेही त्याच दिशेने झुकलेली होती. एकच टोक एकाएकी उंचावले असते तर शंका अधिक बळावली असती.

तिसरी गोष्ट, पाण्यातले फ्लोराइड म्हणजे पोटात गेलेले फ्लोराइड नव्हे. कोण किती पाणी प्यायला, शाळेत कुठले प्यायला, चहातून आणि दंतमंजनातून किती गेले, हे सारे वीस वर्षांनी अचूक कळणे अवघड.

उत्तरादाखल आलेले अभ्यास

बॅसिन यांचा प्रबंध २००१ चा, आणि लेख आला २००६ मध्ये. मधल्या काळात त्यांचे मार्गदर्शक चेस्टर डग्लस यांच्यावर, त्यांनी हा निष्कर्ष झाकून ठेवला असा आरोप झाला. ते एका टूथपेस्ट कंपनीच्या दंतवैद्यकीय वार्तापत्राचे संपादक होते, ही गोष्टही पुढे आली. हार्वर्डने चौकशी करून २००६ साली त्यांना हेतुपुरस्सर दडपणुकीच्या आरोपातून मुक्त केले. आमच्या मते या प्रकरणातून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. महत्त्वाचा निष्कर्ष पाच वर्षे नियतकालिकाबाहेर राहिला, की विज्ञानाची जागा वदंता घेते, आणि मग नंतर आलेल्या चांगल्या पुराव्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

तो नंतरचा पुरावा २०११ मध्ये आला. डग्लस यांच्याच गटाने या वेळी पाण्याच्या नोंदींवर न विसंबता प्रत्यक्ष हाडातले फ्लोराइड मोजले. ऑस्टिओसार्कोमाचे १३७ रुग्ण आणि हाडांच्या इतर घातक गाठी असलेले ५१ रुग्ण यांच्या कमरेच्या हाडाचे नमुने घेतले. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. गुणोत्तर १.३३ आले आणि मर्यादा ०.५६ ते ३.१५. या मर्यादेच्या पोटात ‘एक’ हा आकडा येतो, म्हणजे काहीच परिणाम नसण्याशीही ही माहिती जुळते.

अनेकांनी हा प्रश्नाचा अखेरचा निकाल मानला. तसे म्हणणेही घाईचे आहे. हाडातले फ्लोराइड ही आयुष्यभराची बेरीज असते, त्यातले सातव्या वर्षीचे किती हे वेगळे काढता येत नाही. तुलनेचे रुग्ण वयाने बरेच मोठे होते, आणि जास्त वयाच्या हाडात फ्लोराइड अधिक साठलेले असणार. वयाचा हिशेब गणिताने केला असला, तरी गटच मुळात बेजोड असेल तर गणिताची ताकद मर्यादित राहते. शिवाय त्या दुसऱ्या गाठींशीही फ्लोराइडचा काही संबंध असेल, तर दोन गटांतला फरक आपोआप झाकला जाईल. थोडक्यात, पहिल्या अभ्यासाने जो प्रश्न विचारला, त्याहून थोड्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने दिले.

भारतातही एक प्रयत्न झाला. रोहतक येथील संशोधकांनी २००९ साली ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांच्या रक्तात फ्लोराइड अधिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. पण नमुना रोग झाल्यानंतर घेतलेला. गाठीमुळे हाडाची मोडतोड सुरू झाली, की त्यात साठलेले फ्लोराइड रक्तात उतरू शकते. आधी काय आणि नंतर काय, हे यातून कळत नाही.

मग वजन कुठे पडते? मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांकडे पाहावे लागते. ब्रिटनमध्ये १९८० ते २००५ या काळातील ऑस्टिओसार्कोमाच्या २,५६६ रुग्णांची माहिती तपासून २०१४ साली प्रसिद्ध झाली. पाण्यातील फ्लोराइडशी संबंध आढळला नाही. आयर्लंड आणि अमेरिकेतील लोकसंख्याधारित पाहण्यांचा सूरही तोच. या अभ्यासांत रुग्णाचे बालपण कुठे गेले ते माहीत नसते, ही उणीव आहे. तरीही पाचपट वाढ खरी असती, तर इतक्या मोठ्या संख्येत तिची सावली तरी पडायला हवी होती. कॅलिफोर्नियाच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये सगळा पुरावा पाहून फ्लोराइडला कर्करोगकारकांच्या यादीत घालण्यास नकार दिला. आमचेही मत असे, की साडेपाच पट हा आकडा टिकलेला नाही. लहानसा परिणाम अजिबात नाही असे मात्र कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ‘पुरावा नाही’ आणि ‘नसल्याचा पुरावा आहे’ या दोन वाक्यांतले अंतर दोन्ही बाजूंचे वकील सोयीने विसरतात.

वाशिमच्या शाळेतून पाहताना

आता एक गणित करू. दहावीच्या विद्यार्थ्यांनाही ते जमेल. २०११ च्या जनगणनेनुसार वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. दहा लाखांमागे तीन ते पाच हा दर इथे लागू धरला, तर सबंध जिल्ह्यात सर्व वयांचे मिळून वर्षाला चार ते सहा रुग्ण अपेक्षित आहेत. किशोरवयीन मुलग्यांत हा दर दहा लाखांमागे सुमारे दहा असतो. पाचशे मुलग्यांच्या शाळेत मग साधारण दोनशे वर्षांत एक रुग्ण निघेल. गणितापुरते साडेपाच पट खरे मानले, तर छत्तीस वर्षांत एक. म्हणजे शिक्षकाच्या अख्ख्या नोकरीत एक मुलगा.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. रिसोड, मालेगाव किंवा मानोऱ्याच्या एखाद्या गावात एक रुग्ण सापडला म्हणून विहिरीला दोष देता येत नाही, आणि एकही सापडला नाही म्हणून विहीर निर्दोषही ठरत नाही. एका जिल्ह्याच्या बळावर या प्रश्नाचा निकाल लागणारच नाही. त्यासाठी अनेक जिल्ह्यांतली, अनेक वर्षांची, काटेकोर कर्करोग-नोंदणी लागेल. ग्रामीण भागात अशी नोंदणी होऊ शकते हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने १९८७ पासून दाखवून दिले आहे. जास्त फ्लोराइडच्या पट्ट्यात ती काटेकोरपणे व्हायला हवी, कारण अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये सापडणार नाहीत इतक्या मोठ्या मात्रा आपल्याकडच्या काही गावांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायल्या आहेत. हा प्रश्न खरे तर आपणच सोडवायचा आहे.

दरम्यान, जे पक्के ठाऊक आहे ते या वादात झाकले जाऊ नये. फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात हे सिद्ध करण्यासाठी संख्याशास्त्राची कसरत करावी लागत नाही. त्या काळच्या मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात हाडांचा फ्लुरोसिस १९३७ सालीच नोंदला गेला. कण्याचे व सांध्यांचे ताठरणे, अवेळी येणारे पांगळेपण, हे दशलक्षात एकाचे दुखणे नव्हे. जिथे मात्रा फार असते तिथे गावेच्या गावे त्यात सापडतात.

वाशिम जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी काळ्या बेसाल्टचा थर आहे, आणि अशा खडकातल्या उथळ विहिरींत फ्लोराइड सहसा कमी असते. पण ‘सहसा’ या शब्दावर पोराबाळांचे पाणी सोडता येत नाही. भूजल खडकाच्या सहवासात जितका काळ राहते, तितके फ्लोराइड त्यात उतरण्यास वाव मिळतो. म्हणून खोल कूपनलिकेचे पाणी शेजारच्या विहिरीहून वेगळे निघू शकते. चवीने, वासाने, रंगाने फ्लोराइड ओळखता येत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. प्रत्येक स्रोत प्रयोगशाळेत तपासणे हाच उपाय. प्रमाण जास्त निघाले तर आधी दुसरा स्रोत शोधावा. तो नसेल तर नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नलगोंडा पद्धत आहे.

शिक्षकाच्या हाती एक उपकरण मात्र रोजच असते : वर्गातल्या मुलांचे हसरे चेहरे. कायमच्या दातांवर, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच, आडवे पांढरे किंवा पिवळट-तपकिरी पट्टे असतील आणि ते घासून जात नसतील, तर तो डाग गुटख्याचा किंवा अस्वच्छतेचा नसण्याची शक्यता मोठी. दात हिरडीत घडत असताना मुलाने काय पाणी प्यायले, त्याची ती नोंद आहे. एकाच वस्तीतल्या अनेक मुलांत असे पट्टे दिसले, तर मुलांना दात घासण्यावर उपदेश करण्याआधी त्या वस्तीचे पाणी तपासायला पाठवावे.

आणि कर्करोगाबद्दल उपयोगी पडेल अशी एकच सूचना. वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा किंवा खांदा आठवड्यामागून आठवडे दुखत असेल, रात्री अधिक दुखत असेल, सूज उतरत नसेल, तर ‘खेळताना लागले असेल’ म्हणून मालिश करीत बसू नये. जिल्हा रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. रोग पसरण्याआधी हाती लागला, तर औषधे आणि शस्त्रक्रिया यांनी निम्म्याहून अधिक रुग्ण वाचू शकतात, आणि पुष्कळदा पायही वाचतो. त्या मुलाला हा रोग कशामुळे झाला, याचे उत्तर आज आपल्याजवळ नाही. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे पाठवणे मात्र आपल्या हातात आहे.